दुसरं रेकॉर्डिंग

धाकट्या भावाला दारात बघून ताई "ये" एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. एरवी तिने आधी त्याची खेचली असती. गाणं शिकायला आलेल्या मुलांना म्हणाली असती, "सांभाळून गा रे, कानसेन आले." आज मुलं नव्हती. हार्मोनियमवर कापड टाकलेलं होतं.

घराला आपण ही कळा आणली, असं त्याच्या मनाने घेतलं.

महागड्या साउंड सिस्टिमची परीक्षणं मासिकात लिहिणं हा त्याचा धंदा. प्रत्येकाकडे जाऊन ऐकायला सवड कुठली? म्हणून तो दोन रेकॉर्डिंग मागवायचा. एकात माणूस स्वतः गाणार, एकात त्याचंच आधी रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरमधून वाजणार. खोली तीच, माइक तोच. कुठलं कोणतं ते पाठवणाऱ्याने सांगायचं नाही. तो कानाने ओळखायचा, तसं छापायचा, आणि चुकलो तर कळवा म्हणायचा. अजून कोणी कळवलं नव्हतं.

भाऊजींनी हाताने बनवलेले स्पीकरही त्याने असेच तपासले होते. गाणं ताईचं. पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना ती पुढ्यात बसल्यासारखी वाटली. दुसऱ्याबद्दल त्याने लिहिलं : 'स्पीकरने गाणारीचा जीवच काढून घेतला आहे. सूर कोरडा, वर गेला की चिरका.'

ते वाचून शोरूमवाल्याने मागणी रद्द केली. भाऊजींच्या वर्कशॉपला कुलूप लागलं.

"आज समोर बसून ऐकतो," तो म्हणाला.

भाऊजींनी ताईचं तेच जुनं रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावलं. ताईचा आवाज खोलीत उभा राहिला. लहानपणी त्याला झोपवताना लागायचा तसाच, मऊ. गाणं संपेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.

मग तो बराच वेळ बोलला. घरबसल्या निकाल द्यायला नको होता, माइकने घात केला असणार, पुढच्याच अंकात जाहीर माफी मागतो, असं सगळं.

"पण भाऊजी, तेव्हाच फोन करून मला झापायचं ना."

"करणारच होतो. हिने अडवलं. म्हणाली, त्याचं पोट त्याच्या कानांवर आहे."

ते त्याला नीटसं कळलं नाही. तो ताईकडे वळला. ती हार्मोनियमपाशी उभी होती.

"ताई, माफी मागायची तर कारण द्यावं लागेल. एवढे गोड स्पीकर त्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये इतके बेजान का वाटले असतील?"

ताईने कापडाची सुरकुती हाताने सारखी केली.

"दुसऱ्यात स्पीकर नव्हतेच रे," ती म्हणाली. "दुसऱ्यात मी होते."