कोवळं ऊन

गल्फमधून परत आलेला अर्शद घराच्या दोन पायऱ्या चढतानाही भिंत धरायचा. बत्तिसाव्या वर्षी त्याची चाल म्हाताऱ्यासारखी झाली होती. रोह्याचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "व्हिटॅमिन डी नाहीच अंगात. हाडं मऊ पडलीत. तिकडे तर ऊनच ऊन असतं ना?"

"मी नाईट ड्युटी मागून घेतली होती. दिवसा झोपायचो," अर्शद म्हणाला.

औषधं सुरू झाली. त्याची आई नफिसा रोज सकाळी अंगणात खुर्ची मांडायची. तो मात्र खोलीचा पडदासुद्धा सरकवू द्यायचा नाही.

एके दिवशी वैतागून ती स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली. "ये रे बाहेर! मला काय झालाय काय? कोवळा ऊन हाय." तो आला नाही. वाट बघता बघता तिचा डोळा लागला.

तिला जाग आली ती तोंडावर ओतलेल्या पाण्याने. अर्शद उन्हात, मातीत गुडघे टेकून तिचे गाल थापटत होता.

"डोळे उघड, जुहेब. सावलीत नेतो तुला. डोळे उघड ना रे!"

कोलाडचा जुहेब त्याच्यासोबतच तिकडे गेला होता. तो झोपेतच गेला, असं अर्शदनेच फोन करून जुहेबच्या आईला सांगितलं होतं.