खिडकीखालची खुर्ची

गावाबाहेरचं ते छोटं घर नवऱ्याने आखलं होतं आणि आतलं सामान बायकोने निवडलं होतं. मातकट भिंती, सागाची कपाटं, जाड सुती पडदे. सगळं एकमेकांना शोभत होतं. फक्त एका खुर्चीने तिच्या नाकी नऊ आणले होते.

ती खुर्ची खिडकीच्या बरोबर मध्यावर मांडली, की दुसऱ्या दिवशी हातभर बाजूला दिसायची.

"तूच सरकवतोस ना?" तिने वैतागून विचारलं.

"मला काय दुसरे उद्योग नाहीत?" नवरा म्हणाला. "तुझीच नजर वाकडी."

शेवटी तिने खुर्चीचे चारही पाय लाकडी जमिनीत स्क्रूने पक्के बसवले. "आता हल म्हणावं!"

सकाळी नवरा कुंपणाच्या झाडांना पाणी घालायला गेला आणि ती चहा घेऊन खोलीत आली. खुर्ची पुन्हा बाजूलाच! तिचं डोकंच फिरलं. कप आदळून ती खाली वाकली. स्क्रू जागच्या जागी होते. जमिनीवर साधा ओरखडाही नव्हता.

मग तिने मान वर केली. खिडकीची अर्धी चौकट कोपऱ्यातल्या कपाटामागे गेली होती.

तेवढ्यात बाहेरून भिंतीवर थापा पडू लागल्या. घराला वळसा घालत त्या पुढे पुढे सरकत होत्या.

"अगं, ही काय थट्टा लावलीयस?" नवरा करवादला. "दार कुठे गेलं?"