डोळ्यांखालची वर्तुळं

“पाच मिनिटं थांबा, आई. भाषण आत्ताच संपलंय,” सचिव दारात आडवा उभा राहून म्हणाला.

“त्याला जन्म देताना मी कुणाची वेळ घेतली नव्हती,” ती म्हणाली आणि त्याच्या बाजूनं आत शिरली.

भाषण तिनं बाहेरच्या खोलीत बसून पाहिलं होतं. मुलगा भिंतीपलीकडे बोलत होता आणि ती त्याला टीव्हीवर बघत होती. परवा भर दुपारी धरणाचे दरवाजे उघडले, पण आधी भोंगा वाजला नाही. खालची वस्ती जेवायला बसलेली होती. प्रेतं अजून सापडत होती. “लोकांमध्ये घबराट होऊ नये म्हणून भोंगा वाजवू नका, असं मीच सांगितलं होतं. तो निर्णय माझा होता,” मुलगा पडद्यावर म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. गाल बसले होते. नाकापासून ओठांपर्यंत दोन खोल रेघा उतरल्या होत्या. तो थेट त्याच्या बापाचा चेहरा होता.

आयुष्यभर तिनं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. शरीर कसं झिजतं हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पुढे, आज मुलगा बसला होता त्याच सत्तेच्या खुर्चीत नवरा बसला आणि ते तिनं घरात पाहिलं. आधी त्याचे कानशिलावरचे केस गेले, मग मानेभोवतीची कॉलर सैल झाली. खाण कोसळून मजूर गाडले गेले त्या वर्षी तर त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. साहेबांची चूक नव्हती, असं चौकशी समितीनं सांगितलं. भुवयांना ते कुणी सांगितलं नाही. जेवताना घास हातात तसाच धरून तो विचारायचा, “त्यांतल्या सगळ्यात लहानाचं वय काय होतं गं?” उत्तर तिला माहीत होतं. त्यालाही होतं. तो गेला तेव्हा शेवटचं बघायला आलेल्या एका अनोळखी बाईनं हळूच विचारलं होतं, “तुमचे वडील का?”

म्हणून मुलगा त्या खुर्चीत बसायला निघाला तेव्हा तिनं त्याच्याशी अबोला धरला. तो टिकला नाही; आईचे अबोले टिकत नाहीत. पण नंतर तो जेव्हा जेव्हा भेटायला यायचा, तेव्हा ती त्याला मुद्दाम खिडकीजवळ बसवायची आणि बोलता बोलता त्याचा चेहरा तपासायची. कामगारांचा संप चिघळला, इस्पितळात औषधं संपली, सरहद्दीवर माणसं मेली. चेहरा मात्र जसाच्या तसा. बापावर गेला नाही हो, असं ती मनाशी म्हणायची. तिला हायसं वाटायचं.

आज तो गेला होता बापावर. आता त्याला हाताला धरून घरी न्यायचं. निवडणूक, पक्ष, लोक काय म्हणतील, सगळं गेलं चुलीत. एकाला खाऊन त्या खुर्चीचं पोट भरलं नव्हतं. दुसरा ती देणार नव्हती.

आत दिव्यांनी वेढलेल्या आरशासमोर तो डोळे मिटून बसला होता. गळ्याभोवती टॉवेल होता. शेजारी मेकअपवाली मावशी कापसाचा बोळा ओला करत होती. ती नवऱ्याच्या वेळेपासूनची. आईला पाहून तिचा हात थबकला. “वहिनी! तुम्ही इकडे कशा?”

“बस झालं रे आता,” आई मुलाला म्हणाली. “आजच्या आज राजीनामा दे. ऊठ. घरी चल.”

“आई!” त्यानं डोळे उघडले. “अगं, फोन करायचास, गाडी पाठवली असती. मावशी, तुम्ही उरका, मला बैठकीला जायचंय.”

मावशीनं खाली मान घातली आणि बोळा त्याच्या डाव्या डोळ्याखालून फिरवला. काळं वर्तुळ कापसावर आलं. दुसऱ्या बोळ्यासरशी नाकाजवळची रेघ गेली, मग गालावरची सावली. खालची कातडी गुलाबी, तुळतुळीत होती. आरशात त्याच्या चेहऱ्याची एक बाजू शोक करत होती आणि दुसरी नुकतीच झोपून उठल्यासारखी दिसत होती.

आईनं आधी कापसाकडे पाहिलं, मग त्याच्या गालाकडे. तो हसला. “तूसुद्धा फसलीस? बघा मावशी, पैकीच्या पैकी मार्क! सख्ख्या आईला कळलं नाही.”

मावशी हसली नाही. “साहेबांची वर्तुळं मी झाकायचे, वहिनी,” ती पुटपुटली. “भाषणाआधी तासभर लागायचा. यांची रंगवावी लागतात.”

आईनं जवळचं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. “झोप लागते तुला?”

“मस्त. अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला लागतो.”

“जेवण जातं?”

“न जायला काय झालं?”

“किती माणसं गेली रे?”

“नक्की आकडा संध्याकाळी येईल,” तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट बघून त्यानं तिचा हात हातात घेतला. त्याचा हात उबदार होता. “तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. मी बाबांसारखा नाही गं.”

उरलेली बाजूही पुसून झाली. आरशाभोवतीचे सगळे दिवे चालू होते. तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. कपाळ पाहिलं, डोळ्यांचे कोपरे पाहिले, कानशिलं पाहिली. आजवर जे तिथं दिसू नये म्हणून ती धडपडत होती, तेच ती आता शोधत होती. एखादी बारीकशी रेघ. एक पांढरा केस.

“राजीनामा दे,” ती म्हणाली.

“अगं, पण कशाला? बघितलंस ना? मला काही होत नाही.”

“म्हणूनच सांगतेय.”