पन्नेमियाँचं पथ्य

पिंजऱ्यातून भिरकावलेलं पालकाचं पान थेट मिर्झा तसद्दुक हुसेनांच्या शेरवानीला येऊन चिकटलं.

"बघा," बेगम म्हणाल्या. "कारलं नाही, दुधी नाही, पेरूसुद्धा नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि इमरती. असंच चाललं तर हे पाखरू हिवाळा काढायचं नाही. मी आपली छुट्टनला कळवते. तो कानपूरला घेऊन जाईल आणि लावील वळण."

मिर्झासाहेबांनी पान झटकलं. लखनौच्या चौकात त्यांच्या घराण्याचं नाव निघायचं ते पाखरांवरून. त्यांच्या आजोबांनी म्हणे एका बुलबुलाला बुद्धिबळ शिकवलं होतं. मिर्झासाहेब सांगायला बसले की तो बुलबुल जिंकायचासुद्धा. त्या घरातला पोपट वळण लावून घ्यायला कानपूरला जाणार? मग चौकात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"तुमच्या भावाला टांगेवाल्याशी चार शब्द नीट बोलता येत नाहीत, बेगम. तो काय वळण लावणार? ईदपर्यंत हा पोपट मेथी मागून खाईल. नाही खाल्ली तर नावापुढे मिर्झा लावणार नाही!"

"तुम्ही म्हणताय तर बघू," बेगम म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या.

पावसाळाभर माहेरी राहून बेगम परतल्या, तेव्हा हा पिंजरा त्यांच्यासोबत आला होता. पोपटाचं नाव पन्नेमियाँ. रंग हिरवाकंच, चोच डाळिंबाच्या दाण्यासारखी आणि नखरे एखाद्या बुडालेल्या नवाबाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिर्झासाहेबांनी उकडलेल्या कारल्याची मोगऱ्याची फुलं कातरली, गाजराची माळ ओवली, दुधीचे विडे केले आणि बशी पिंजऱ्याशी धरली.

पन्नेमियाँनी मान वळवली, एक डोळा मिटला आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "पहले आप."

मिर्झासाहेब उडालेच. मग सावरून त्यांनी हात कपाळाशी नेला. "छे छे. पहले आप."

"पहले आप."

"आपण पाहुणे. पहले आप."

दुपारपर्यंत हेच चाललं. दोघंही खानदानी, माघार घ्यायची कुणी? बशीतली फुलं कोमेजली. शेवटी मिर्झासाहेबांच्या पोटात असा गडगडाट झाला की शेजारची कोंबडी खुराड्यात शिरली, आणि त्या गडगडाटातच त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"बेगम! हा साधासुधा पोपट नाही! बादशहाच्या ताटातलं आधी दुसऱ्यानं चाखायचं, मग बादशहानं. याचे वाडवडील महालात वाढलेत. कुणी घास घेतल्याशिवाय हा चोच लावणार नाही!"

"अगबाई, असं आहे होय!" बेगमनी गालावर बोट ठेवलं. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं. मी चाखलं असतं हो. पण तो मघापासून 'आप' म्हणतोय ते तुम्हाला. मी मध्ये तोंड घातलेलं बरं दिसेल का?"

मिर्झासाहेबांनी बशीकडे पाहिलं. त्यांचा आजवरचा नियम सरळ होता. भाजी बकऱ्यानं खायची आणि बकरा मिर्झासाहेबांनी. पण आता घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी डोळे मिटले, पूर्वजांना आठवलं आणि कारलं तोंडात टाकलं.

पन्नेमियाँनी लगेच उरलेल्या कारल्याचा फडशा पाडला.

त्या दिवसापासून घरात दोन ताटं लागू लागली, एक पिंजऱ्यात, एक बाहेर. आज मेथी, उद्या मोड आलेले मूग, परवा तूप न घातलेली जवाची खिचडी. पन्नेमियाँना चिमूटभर चाखलेलं चालत नसे. मिर्झासाहेबांचा हात थांबला की पिंजऱ्यातून अदबीनं आवाज येई, "और लीजिए." तोंडाला कबाबाचा वास आला तर ते पाठ फिरवून बसत, म्हणून मिर्झासाहेबांनी कबाब सोडले. इमरतीचा पाक बोटाला लागला तरी त्यांना कळे, म्हणून इमरती सुटली.

"पाखरासाठी काय काय करावं लागतं," मिर्झासाहेब चौकात सांगत. "पण बघा, पीस कसं चकाकतंय!"

पीस खरंच चकाकत होतं. मिर्झासाहेबांची शेरवानीही अंगात लोंबू लागली होती आणि कबुतरांच्या गच्चीवर ते धाप न लागता चढू लागले होते. ही सगळी त्यांच्या मते मेहनतीची कमाई. लोक आपापले पोपट घेऊन सल्ला विचारायला येत आणि मिर्झासाहेब प्रत्येकाला सांगत, "आधी आपण घास घ्यायचा. पाखराला इज्जत द्या, ते तुम्हाला इज्जत देईल."

ईदला छुट्टन कानपूरहून आला. मिर्झासाहेब याच दिवसाची वाट बघत होते. गळाभेट झाली न झाली तोच त्यांनी मेव्हण्याला पिंजऱ्यासमोर बसवलं.

"बघ, छुट्टनमियाँ. पोपटाला वळण लावणं म्हणजे काय असतं, बघ." त्यांनी मेथीची आख्खी जुडी उचलली, तोडून तोंडात कोंबली आणि बकऱ्यासारखी चावत उरलेली आत सरकवली. पन्नेमियाँनी काड्यासुद्धा ठेवल्या नाहीत. "और लीजिए," ते म्हणाले, तशी मिर्झासाहेबांनी आणखी एक जुडी खाल्ली.

"आहे तुमच्या कानपुरात असला कुणी?"

"हाच होता की!" छुट्टन म्हणाला. "भोपळ्याची सालं सोडत नव्हता, दुल्हाभाई. पिंजऱ्यात हात घातला की बोटसुद्धा खायचा."

मिर्झासाहेब खदखदून हसले. "ऐकलंत, बेगम? याचा जळफळाट होतोय!"

बेगम हसल्या नाहीत. त्या पानाला चुना लावत होत्या, तो अंमळ जास्तच लागला.

छुट्टन बहिणीजवळ सरकून बसला. "काय आपा, अख्खा पावसाळा त्या पिंजऱ्यापुढे बसून 'पहले आप', 'पहले आप' करत होतीस, सगळी गल्ली हसत होती तुला. बरं, दुल्हाभाईंची साखर किती उतरली ते सांग."