उम्म बद्र हसत नाही

चौथ्यांदा चाळण ओलांडली आणि मांडीवरून काहीतरी कोमट ओघळल्याचं नज्लाला कळलं. अजून तीन खेपा बाकी होत्या. चाळणीत सात दिवसांचा यासीन डोळे मिटून पडला होता. सुबूचा, म्हणजे बाळाच्या सातव्या दिवसाचा सोहळा होता; आईने चाळणीतल्या बाळाला सात वेळा ओलांडायचं. भोवती गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका होत्या.

दोन दिवस आणि मधली अख्खी रात्र नज्ला कळा देत होती. पहिलटकरणीला वेळ लागायचाच, असं जो तो म्हणाला. नंतरचं मात्र कुणीच सांगितलं नाही. शिंकलं, हसलं, नुसतं उठून उभं राहिलं तरी लघवी सुटत होती. बाळाच्या दुपट्यांत लपवून ती स्वतःची फडकी धूत होती. नवऱ्याला, बद्रला, सांगायची लाज वाटत होती आणि सासूला सांगायची छाती नव्हती. बद्रची आई म्हणून गल्ली सासूला उम्म बद्र म्हणायची; तिला हसताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाला गेली तरी ती दाराशी बसायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची.

सकाळी तिने काळा झगा पुढे केला होता. "आज हा घाल."

नज्लाने बद्रने आणलेला पिस्ता रंगाचा साटिनचा झगा घातला. नातवाच्या सुबूलासुद्धा काळं? म्हातारीला कुणाचं सुख बघवत नाही, असं ती मनात म्हणाली.

शेजारची आतिफा रिवाजाप्रमाणे यासीनच्या कानाशी पितळी खल बडवत होती. "आईचं ऐक रे बाबा, बापाचं ऐकू नकोस. त्याला स्वतःचेच मोजे सापडत नाहीत." बायका खिदळल्या. "आणि तू गं नज्ला, पाय जुळवून काय चालतेस? पाऊल टाक की मोकळं."

नज्लालाही हसू फुटलं आणि तिथेच घात झाला. सहाव्या खेपेला आतली फडक्याची घडी चिंब झाली. सातव्या खेपेला साटिनवर गडद डाग उतरू लागला. आतिफाची नजर खाली वळत होती. नज्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात उम्म बद्र सजवलेली मातीची सुरई घेऊन पुढे आली आणि सपाट जमिनीवर अडखळली. सगळं पाणी नज्लाच्या कमरेवरून खाली आलं.

"वय झालं तुझं, उम्म बद्र," आतिफा म्हणाली.

"झालं खरं," असं म्हणत तिने सुनेला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि कडी घातली.

"अम्मा, माझ्या हातात नव्हतं..." नज्ला रडू लागली.

उम्म बद्रने आपली पेटी उघडली. आत धुऊन धुऊन विरलेल्या फडक्यांच्या थप्प्या होत्या. यासीनसाठी जमवली असतील, असं नज्लाला वाटलं.

"बद्रच्या वेळी मला तीन दिवस कळा होत्या," उम्म बद्र म्हणाली. "कळा फार लांबल्या की कधीकधी आतला आधार सैल पडतो. तू बाळंतपणाच्या खोलीत होतीस तेव्हा डॉक्टरीणबाईला विचारलं मी. व्यायाम असतात म्हणे, वेळेवर केले तर पुष्कळदा सावरतं. शनिवारी तुला घेऊन जाते. मी लाजेपायी एकतीस वर्षं कुणाला विचारलं नाही."

नज्ला रडायची थांबली. बाहेरून आतिफाचा आवाज आला. "अगं, आंघोळ बाळाला घालतात, त्याच्या आईला नाही!"

आणि उम्म बद्र हसली. पेटीची कड धरून, गदागदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसू ओसरल्यावर तिने पेटीतून दोन फडकी काढली. एक सुनेच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतःसाठी ठेवलं.