गल्लीतल्या पेन्शनवाल्या

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शैलजाताई तणतणत गोदाक्कांच्या दारात उभ्या राहिल्या. नगरपालिकेची जागा त्यांनी अकरा मतांनी घालवली होती आणि या गल्लीतल्या चाळीस विधवांपैकी एकही मतदानाला फिरकली नव्हती.

"अक्का, आमच्या पक्षानं तुम्हाला पेन्शन दिली. त्यासाठी मी स्वतः तहसील कचेरीचे उंबरठे झिजवले. काय कमी पडलं?"

"काही नाही हो. पहिल्या तारखेला सगळ्याजणी तुमचं नाव काढतात."

"मग?"

"संक्रांतीला तुम्ही प्रचाराचं हळदीकुंकू केलंत. गल्लीभर बोलावणं फिरलं, आमची दारं तेवढी टाळून."

"अहो, रीतच आहे ती!"

"आम्हीही रीतच पाळली," तांदूळ निवडणाऱ्या गोदाक्का मान वर न करता म्हणाल्या. "शुभकार्यात आमच्यासारखींनी पुढं येऊ नये. तुमची निवडणूक म्हणजे केवढं शुभकार्य!"