समुद्रावरून मोजलेला उजेड

फोटोत समुद्र लख्ख होता, पण आईचा चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा आकार. खांदे आईचे, वाऱ्याने उडालेले केस आईचे, बाकी अंधार.

हिनेरंगी मराएच्या, म्हणजे त्यांच्या माओरी जमातीच्या सभास्थानाच्या, कचेरीत लॅपटॉपसमोर बसली होती. भिंतीपलीकडे, सभाघरात, आई उघड्या शवपेटीत निजली होती. तिच्या पायथ्याशी घरातल्या आधी गेलेल्यांचे फोटो ओळीने टेकवून ठेवले होते. आजी, आजोबा, धाकटे मामा, बाबा. आईची जागा अजून रिकामी होती. ओपोटिकीहून तिच्या माहेरच्यांची बस निघाली होती. ती फाटकात यायच्या आत फोटो जागेवर हवा होता.

ओळीतले सगळे फोटो आईनेच काढलेले. या किनाऱ्यावरची लग्नं, बारशी, मयती तिने आयुष्यभर टिपली, आणि स्वतः कॅमेऱ्यामागे राहिली. "आत्याने अख्ख्या जमातीला पकडलं आणि स्वतः तेवढी निसटली," असं मामेभाऊ एरुएरा सकाळी रताळी सोलता सोलता म्हणाला होता. मग कितीतरी वेळ तो एकच रताळं सोलत राहिला.

आईचे जे थोडे फोटो सापडले, त्यांत कुणी ना कुणी तिच्या गळ्यात हात टाकून उभं होतं. ते सगळे हयात होते. जिवंत माणसाचा फोटो गेलेल्यांच्या ओळीत ठेवत नाहीत. ठेवला तर ओळीतून त्या माणसाला हाक येते, असं म्हातारी माणसं सांगत. हिनेरंगी वेलिंग्टनला कॉलेजात शिकवायची. यावर आपला विश्वास आहे की नाही, हे तिने कधी ठरवलं नव्हतं. पण तसला फोटो उचलायला तिचा हात धजला नाही.

एकटी आई या एकाच फोटोत होती. ईस्टरच्या सुट्टीत हिनेरंगीनेच तो काढला होता. आई बाहेर ओसरीच्या कठड्याला टेकून उभी होती, मागे समुद्र, तोंड घराकडे. दार उघडलं असतं तर तिने लगेच हात आडवा धरला असता. म्हणून हिनेरंगीने काचेचं सरकतं दार बंदच ठेवलं. आईचाच कॅमेरा छातीशी धरला, मागच्या पडद्यात पाहिलं न पाहिलं आणि बटण दाबलं.

चूक तिथेच झाली होती. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरबद्दल आईने शिकवलेलं तिला तोंडपाठ होतं. कॅमेऱ्याला सगळं जग राखेच्या रंगाचं हवं असतं. त्याला बर्फ दाखवला तर तो काळवंडवतो, काळा कोट दाखवला तर पांढुरका करतो. आपली माणसं सावळी आणि त्यांच्यामागचा समुद्र कायम चमकणारा. म्हणून उजेड चेहऱ्यावरून मोजायचा. समुद्रावरून मोजला तर माणूस काळोखात जातो. बाबांच्या फोटोत मागचा समुद्र पांढराफटक उडाला होता, पण दाढीचा खुंट न खुंट दिसत होता. एवढं ऐकूनही हिनेरंगीने घाईत समुद्रावरून मोजला. आईने आत येऊन तो फोटो मोठा करकरून पाहिला. दुसरा काढू, असं हिनेरंगी म्हणाली, तर आईने कॅमेरा बंद करून पिशवीत टाकला.

आता ती चूक निस्तरायची होती. मूळ फाइलमध्ये अंधारातसुद्धा पुष्कळ काही शिल्लक असतं, हेही आईचंच सांगणं. प्रिंटर सुरू होता. हिनेरंगीने उजेडाची पट्टी उजवीकडे सरकवली. समुद्र फिकट होत गेला. काळ्या आकारातून स्वेटरची वीण वर आली. मग हनुवटी आली, मग ओठ. तिला जरा हायसं वाटलं. तिने आणखी उजेड दिला. डोळे आले.

ते आईचे डोळे नव्हते.

ती खुर्ची ढकलून उठली. आईच्या चेहऱ्यात दुसरा एक चेहरा होता, तरुण, टक लावून पाहणारा. छातीशी कॅमेरा धरलेले हात दिसले तेव्हा तिने स्वतःला ओळखलं. दाराची काच. लख्ख समुद्रावर काचेत काही उमटलं नव्हतं. आईच्या काळ्या आकारापुढे मात्र त्याच काचेचा आरसा झाला होता. तिने पट्ट्या मागेपुढे करून पाहिल्या. दोन्ही चेहरे एकमेकींत असे मुरले होते की एक पुसला तर दुसराही जात होता.

दारात रिपेका मावशी उभी होती. काळा झगा, डोक्याला शोकाचं पानांचं कडं, रात्रंदिवस बहिणीच्या उशाशी बसून सुजलेले पाय. ती हिनेरंगीला न्यायला आली होती. पडद्याकडे तिचं लक्ष गेलं. ती दचकली नाही. जवळ येऊन तिने पडद्यावर तळवा ठेवला.

"होता तसा कर."

"मावशी, त्यात तिचं तोंडसुद्धा दिसत नाही गं."

"न दिसू दे. त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला होता. म्हणाली, पोरीने माझा एक फोटो काढलाय, मी गेले की तोच ठेवा. फक्त तिला उजेड वाढवू देऊ नकोस, रिपेका. आत ती उभी आहे."

बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. पाहुण्यांना बोलावणारी बायकांची लांब हाक फाटकापाशी उठली.

हिनेरंगीने पट्टी हळूहळू डावीकडे आणली. आधी तिचा चेहरा विझला, मग आईचा.